गोड केलेला चेहरा

येरवडा, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

दादा,

जयभीम. तुरुंगातल्या मुलाखतीला तू बाहेर येत नाहीस, म्हणून हे पत्र. मी नाव नोंदवते, बाकावर बसते, आतून निरोप येतो की विश्वजीत भीमराव यांना कुणाला भेटायचं नाही, आणि मी घरी येते. पत्राचं तसं नाही. ते तुझ्या हातात पडणारच, आणि हातात पडलेला कागद न वाचता ठेवणारा माणूस तू नाहीस. भेळेचा कागदसुद्धा तू उलगडून वाचायचास. अर्थात तुझ्याआधी हे तिथले साहेब वाचतील. साहेब, तुम्हालाही नमस्कार. यात लपवण्यासारखं फारसं काही नाही, आणि जे आहे ते मी लपवणारच आहे.

मुद्द्याचं आधी. आईची किडनी आता नावापुरती चालते. डायलिसिस तिला सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, "घरीच ठेवा, जे खावंसं वाटेल ते देत चला." डॉक्टरांनी पथ्य सोडायला सांगितलं की काय समजायचं ते मी समजले. उन्हाळ्यात लहानसा झटका येऊन गेला, तेव्हापासून तिचं डोकंही मधूनमधून हरवतं. वेणूमावशीला, समोरच्या दारातल्या बाईला, ती परवा विचारत होती की तुम्ही इथं नवीन आलात का. तुझं नाव मात्र हरवत नाही. रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि विचारते, "विश्वजीतचं काय आलं का?"

गॅलरीतून काय दिसतं ते तुला माहीत आहे. रस्ता, रिक्षा स्टँड आणि पलीकडे तुझी भिंत. एकदा म्हणाली, "त्या भिंतीमागं कुनाकुनाची पोरं असतील." मी तिच्या चहातली साखर ढवळत राहिले.

तिच्या लेखी तू कॅनडात आहेस. बाहेरगावी गेलोय म्हणून सांग, लांबच्या, असं निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात तूच म्हणालास. खटला चालू असताना तू जामिनावर घरीच होतास, त्यामुळे तिला कसलाच सुगावा नव्हता. हिंदुराव जिन्यावरून पडून गेला एवढंच तिला माहीत आहे. त्याला तू ढकललंस हे तिला माहीत नाही. तुझा वर्गमित्र, आपल्या घरी जेवलेला, कात्रजला फ्लेक्सचा कारखाना टाकून बसलेला, आणि बाबांनी रंगवलेल्या तसबिरींचे फोटो काढून त्यांचे छापील पडदे विकणारा. तुला त्याचा राग आला हे मी आजही समजू शकते. तिथं जिना होता, हे तुझं दुर्दैव आणि त्याचंही. त्याची बायको मला एकदा मंडईत दिसली होती. मी दुसऱ्या गल्लीने गेले.

तू मला का भेटत नाहीस तेही मला माहीत आहे. शेवटच्या मुलाखतीत तू जाळीतून माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या बोटांकडे बघत होतास. म्हणालास, "नखात रंग नाही तुझ्या." मी म्हणाले, मी आता टॅबवर काढते, काचेवर. तू म्हणालास, "म्हणजे हिंदुरावाच्या धंद्यात गेलीस," आणि उठलास. मी मागून हाक मारली. तू वळला नाहीस.

ते भांडण नंतर करू. तू रजेचा अर्ज कर. आजारी आईला भेटण्यासाठी रजा मिळते, मी वकिलांना विचारलं आहे. तिने तुला एकदा बघितलं पाहिजे. बाकी माझं काही मागणं नाही.

दीपाली

२८ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन ओळी. "आईला कॅनडातला मुलगा पुरे आहे, त्याला राहू दे. तू तिला दाखवतेस तरी काय?" एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच ओळी, बाकी कोरं. तुझी कॅनव्हासची सवय गेलेली नाही.

विचारलंस म्हणून सांगते. पहिल्या वर्षी तिला सांगून भागलं. मग ती फोटो मागायला लागली. पोरगं एवढं परदेशात गेलं आणि एक फोटो नाही, असं कसं. तुझे जुने फोटो तिला पाठ आहेत आणि जामिनावर असतानाचा तुझा एकही फोटो दाखवण्यासारखा नाही. मी बाबांच्या मंडईतल्या दुकानात गेले. तेव्हा ते मी रिकामं केलं नव्हतं. बाबांच्या घोडीवर लहानसा कॅनव्हास लावला आणि तुला काढलं. कोट घातलेला, मागे बर्फ. चांगलं झालं होतं. तुलाही आवडलं असतं, निदान बर्फ तरी. त्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि तिला नेऊन दाखवला.

तिने मोबाईल डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, "हे रंगवलंय. बुरुश दिसतोय." मग माझा हात ओढून नाकाला लावला. "जवसाच्या तेलाचा वास येतोय तुला. तूच काढलास ना? मग त्यो कुठं हाय?"

तीस वर्षं तिने बाबांचे ब्रश धुतले होते, दादा. तिला कुठल्या रंगाने फसवणार होते मी? दोन दिवस ती जेवली नाही. मेला असेल तर मला सांग, म्हणत होती. मी शपथा घेतल्या, तर म्हणाली शपथ नको, फोटो दे.

म्हणून मी टॅब घेतला. एवढंच कारण होतं. तुला मी ते सांगितलं नाही, कारण तू विचारलंच नाहीस. नखं बघितलीस आणि निकाल दिलास. तेव्हाच्या ऑफिसातल्या शेफालीने मला शिकवलं. आता खराडीला एका कंपनीत मी मोबाईलवरच्या खेळांसाठी डोंगर आणि किल्ले काढते, म्हणजे तू म्हणतोस तसा धंदा मी करतेच. पण ती नोकरी नंतर आली. शिकायला बसले ती तुझा चेहरा काढायला. काचेवर ब्रश दिसत नाही. वास येत नाही. त्वचेवरचं छिद्र न् छिद्र काढता येतं, आणि उजेड एका बोटाने सरकवता येतो. तेलरंगाने मला जे कधी जमलं नाही ते चार महिन्यांत जमायला लागलं. मला त्याचा आनंद झाला. हे तुला लिहायला लाज वाटते, पण झाला.

पहिलं चित्र तिला दाखवलं तेव्हा ती टॅब मांडीवर घेऊन बसली. काचेवरून हात फिरवला, तर तुझा चेहरा मोठा झाला. ती दचकली आणि मग हसली. त्या दिवशी तिने भाकरी मागून घेतली.

तेव्हापासून दर दोनतीन आठवड्यांनी तू तिला फोटो पाठवतोस. बसस्टॉपवर, नदीकाठी, कुणाच्या तरी लग्नात. खाली दोन ओळी लिहितोस, त्या मी वाचून दाखवते. तू मजेत असतोस. थोडा जाडही झाला आहेस.

इथं तू नाक मुरडणार, मला दिसतंय. बाबा म्हणायचे, गेलेल्या माणसाचा चेहरा थोडा गोड करायचा. गाल किंचित भरायचे, डोळ्याखालचं काळं काढून टाकायचं, कारण घरच्यांना आयुष्यभर त्याच्याकडे बघायचं असतं. आणि तू अठराव्या वर्षी त्या कांद्याच्या वखारवाल्याच्या आईला नाकावरच्या चामखिळीसकट काढलंस आणि ते चित्र परत आलं. बाबांनी रात्रीत चामखीळ पुसली. तू आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाहीस. मी तुझ्या बाजूची होते तेव्हा.

आता मी बाबांच्या बाजूची आहे. फक्त हात काढत नाही तुझे. खिशात घालते, नाहीतर हातमोज्यात. कॅनडाच्या थंडीचा तेवढा उपयोग. चेहरा गोड होतो माझ्याकडून, हात होत नाहीत. कसे काढले तरी ते खोटे दिसतात.

तर हे दाखवते. आता अर्ज कर.

दीपाली

२० डिसेंबर २०२४

दादा,

अर्ज केलास. मला वकिलांकडून कळलं, तुझ्याकडून नाही, पण चालेल.

दहाएक दिवसांपूर्वी चौकशीला चौकीतून हवालदार आले होते. भला माणूस. घर बघितलं, वेणूमावशीला विचारलं की हा माणूस आला तर तुमची काही हरकत आहे का. मावशी म्हणाल्या, "माझी हरकत तो आला नाही तर हाय." हवालदारांनी ते लिहून घेतलं की नाही माहीत नाही. आई गॅलरीतून विचारत होती कोण आलंय. मी सांगितलं, विश्वजीतच्या पासपोर्टची चौकशी आहे, येतोय तो. ती एवढी खूश झाली की हवालदारांना चहा घेतल्याशिवाय सोडेना. त्यांच्यापुढे टॅब धरला आणि म्हणाली, "हा बघा माझा मुलगा." त्यांनी बघितलं, हातातल्या कागदावरचा तुझा फोटो बघितला, आणि कागद पालथा करून मांडीवर ठेवला. "छान आहे," म्हणाले.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, तू यावंस. ती कुणाला बघेल हा विचारच मी केला नव्हता.

त्या कागदावर मी तुला बघितलं, दादा. जाळीत मी तुला बघितलं त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. केस एवढे कधी गेले? आणि वरचे दात?

मी कामाला लागले. म्हटलं, तू येईपर्यंत चित्रातला विश्वजीत हळूहळू तुझ्यापर्यंत आणून सोडू. एका फोटोत केस थोडे कमी केले. पुढच्यात गाल आत घेतले. काचेवर हे फार सोपं आहे, काढलेला थर बाजूला करायचा की खाली जुना असतोच. तिसऱ्या फोटोत डोळ्याखाली काळं घातलं. जे आयुष्यभर पुसायला शिकले तेच घालत होते आणि हात ऐकत नव्हता. घातलं की तो आपोआप कडा मिसळून त्याची सावली करून टाकायचा.

तिसरा फोटो बघून आईने विचारलं, "ह्याला काय झालंय? आजारी हाय का?" मी म्हणाले, काम फार आहे. ती म्हणाली, "मला फसवू नको. माझं पोर खंगलंय." संध्याकाळी खाल्लेलं उलटून पडलं. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा घेईना. वेणूमावशी मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "दीपाली, काय करायचंय ते कर, पन म्हातारीचे हाल करू नको."

मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. थर काढून टाकले. नवा फोटो पाठवला तू, भरलेल्या गालांचा, दाट केसांचा, आणि खाली लिहिलंस की तो आधीचा फोटो तापातला होता, आता बरा आहे. तिने वाटीभर खिमट खाल्लं.

म्हणून विचारते. कसा दिसतोस ते खरं खरं लिही. येताना दाढी कर. केसांना रंग लावू देतात का आत? तुझा निळा शर्ट मी पोहोचवते आहे, तो घालून ये, तिने तो ओळखला पाहिजे. मोठ्याने बोल, तिला कमी ऐकू येतं.

हे सगळं वाचून तू यायचं रद्द करू नकोस. तेवढं कबूल कर.

दीपाली

१० जानेवारी २०२५

दादा,

तू जिना उतरून गेल्यावर काय झालं ते लिहायला बसले आहे. पण तू असतानाचंही लिहिणार आहे, कारण तू सगळा वेळ खाली बघत होतास आणि मी तिच्याकडे बघत होते.

बंदोबस्तातल्या अर्ध्या तासाच्या भेटीला तुम्ही आलात तेव्हा मी तिला नवं लुगडं नेसवलं होतं. केस विंचरून दिले होते. सोबतच्या पोलिसांनी न सांगता दारात बूट काढले, ते मला फार बरं वाटलं. तू उंबऱ्यात उभा राहिलास. निळा शर्ट तुझ्या खांद्यावरून ओघळत होता. मी म्हणाले, "आई, विश्वजीत आला."

तिने तुझ्याकडे बघितलं, आणि मग तुझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघितलं. "कुठं हाय?"

तू म्हणालास, "आई, मीच."

तिला ऐकू आलं असावं. कारण ती मला हळूच म्हणाली, "ह्यांना खुर्ची दे बसायला." ह्यांना म्हणाली. मी खुर्ची दिली. मी म्हणू शकले असते की आई, नीट बघ, हाच आहे. म्हणालेसुद्धा, तुला आठवत असेल, एकदा. तिने मांडीवरचा टॅब उजेडाला धरला आणि मला दाखवला. रागावली नाही. लहान पोरीला समजवावं तशी म्हणाली, "अगं, विश्वजीत असा हाय."

मग तिने तुला विचारलं, "तुमी बी तिकडंच असता का, कॅनडाला?"

मला वाटलं तू उठून जाशील. जाळीतून उठून गेला होतास तसा. तू म्हणालास, "हो. एकत्रच असतो आम्ही."

"बरा हाय ना माझा पोरगा?"

"बरा आहे."

"जेवतो का येळेवर?"

"जेवतो. तुमची आठवण काढतो." तूही तिला तुम्ही म्हणालास.

"काढतो, तर मग आला का न्हाई?"

पोलीस खिडकीबाहेर बघत होते. मी चहा आणला, तू डाव्या हाताने कप उचललास आणि ती त्या हाताकडे बघत राहिली. तेवढंच झालं. नंतर वेळ संपली.

जाताना तू टॅब मागितलास आणि एकेक फोटो बघितलास. बसस्टॉप, नदीकाठ, लग्न. मी जवळ उभी होते. तू म्हणालास, "बाबांना असं जमलं नसतं." मला ते अजून पचत नाही. शिवी दिली असतीस तरी चाललं असतं. मी तिला दोन घास जावेत म्हणून काढत होते, दादा. एकेक फोटो मी त्यासाठी काढला. तिला मी मुलगा दिला आणि त्यात तुला जागाच ठेवली नाही, हे मला तू खुर्चीवर बसलेला असताना कळलं. तोवर खरंच कळलं नव्हतं.

आता नंतरचं.

तुम्ही गेलात आणि तिने पहिलं विचारलं, "त्या माणसाला जेवायला घातलंस का? उपाशी दिसत होता." मी म्हणाले घातलं. तेही खोटं. तुझ्यासाठी केलेली बोंबील-भाकरी ओट्यावर तशीच झाकून ठेवली होती, तेवढा वेळच कुठं होता.

उन्हं उतरल्यावर ती एकदम म्हणाली, "त्येचा आंगठा बघितलास?"

मी विचारलं, कुणाचा.

"त्या माणसाचा. विश्वजीतचा आंगठा असाच हाय. दुकानाच्या शटरात गावला होता. मी धरून बसले होते त्येला, हाडं बसवणाऱ्याकडं. लई रडला, पन हात न्हाई ओढून घेतला." मग म्हणाली, "टॅब आन. त्येला म्हनावं हात दाखव."

मी एकेक फोटो सरकवले. खिसा. हातमोजा. खिसा. पाठीमागे बांधलेले हात. टेबलाखाली हात. मी म्हणाले, तिकडे थंडी असते आई. ती म्हणाली, "लग्नात बी?"

आता ती दुसरं काही विचारत नाही. सकाळी चहा दिला की, हात दाखव म्हणावं. दुपारी, हात आला का. चेहऱ्याकडे बघत नाही. मी दाखवला तर टॅब बाजूला करते.

आठवणीतून काढायला मी भिते. माझ्या हाताला आता काय सवय लागली आहे ते मी तुला लिहिलं आहे. म्हणून यासोबत एक कोरा कागद जोडते. डावा हात त्याच्यावर पसरून ठेव आणि कडेने पेन्सिल फिरव. लहानपणी दुकानाच्या फरशीवर खडूने काढायचो तसा. काही सुधारू नकोस. पेन्सिल अंगठ्यापाशी अडखळेल तिथं अडखळू दे. साहेब, याला एक पेन्सिल द्या, एवढी विनंती आहे.

लवकर पाठव. तिच्या पायांवर सूज चढते आहे.

दीपाली

३ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझा हात आज आला.

आई गेल्या आठवड्यात गेली, ते तुला कळवलं होतंच. शेवटच्या दर्शनासाठी बंदोबस्तात आणतील असं वकील म्हणत होते, आणि तू निरोप पाठवलास की मी कोण म्हणून येऊ. निरोप आणणाऱ्याने तो मला दोनदा सांगितला, मला ऐकू आलं नाही असं वाटून. मला ऐकू आलं होतं. अग्नी मी दिला.

तुझ्या कागदाची वाट बघताना माझा धीर सुटला, ते सांगते. तिला धाप लागायला लागली आणि ती हात, हात करत राहिली. मी टॅब घेऊन तिच्या पायथ्याशी बसले आणि काढला. सगळं आठवून काढला. अंगठ्याचं मोडलेलं पेर, नखावरची आडवी रेघ, तर्जनीला पॅलेटने पडलेला घट्टा. मी कधी काही एवढं मन लावून काढलेलं नाही. तिच्यापुढे धरला. तिने पुष्कळ वेळ बघितलं. मला वाटलं, पटलं.

मग ती म्हणाली, "ह्यो कॅनडाचा हाय." आणि टॅब पालथा घातला.

त्यानंतर तिने हातही मागितला नाही आणि तुझं नावही काढलं नाही. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होती. मी बोलले तर हं म्हणायची. तिसऱ्या दिवशी दुपारी वेणूमावशी तिला पाणी पाजायला वाकल्या, आणि पाणी ओघळून गेलं.

मी ते चित्र नंतर बघितलं, दादा. अंगठा मी वाकडा काढला होता, पण त्याचा वाकडेपणासुद्धा सुबक आला होता. कुणालाही हवासा वाटेल असा.

पुण्यानुमोदनाला तिचा फोटो लागेल म्हणून फ्रेमवाल्याकडे गेले. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर तिचा चेहरा उघडला आणि विचारलं, "थोडं उजळ करू का, ताई? सूज पण कमी करता येईल." आपल्याच दुकानात उभी असल्यासारखं वाटलं मला. मी म्हणाले, आहे तसाच द्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला माझी आई आवडत नसावी. लोक आले, फुलं वाहिली, आणि दोघीतिघी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की दुसरा चांगला फोटो नव्हता का. एवढी चित्रं काढतेस आणि आईचा फोटो असला.

तुझा कागद मी स्कॅन केलेला नाही. करणारही नाही. रेघ अंगठ्यापाशी तुटली आहे आणि पुढे जाऊन पुन्हा लागली आहे. करंगळीजवळ घामाचा डाग आहे. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. हा तिने ओळखला असता.

आता एक शेवटचं. तिला आंघोळ घालून पांढरं नेसवलं, तेव्हा मी मावशींना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. माळ्यावरून बाबांच्या ब्रशांचं गाठोडं काढलं. त्यात जुना कोळसा होता, चित्राआधी ते ज्याने कच्चं काढायचे तो. कागद तिच्या हाताखाली सरकवला आणि कडेने फिरवला. बोटं सरळ होत नव्हती, म्हणून होती तशीच ठेवली. माझी नखं काळी झाली. ती तशीच घेऊन मी स्मशानात गेले.

तो कागद यासोबत पाठवते आहे. कोळसा पसरू नये म्हणून वर पातळ कागद लावला आहे, तो काढताना जपून. साहेब, चित्र आत द्यायचं की नाही याचा काही नियम असेल. हे चित्र नाही. आमच्या आईचा उजवा हात आहे. कृपा करून त्याला तो द्या.

दादा, यात मी काही गोड केलेलं नाही. सूज होती तेवढी आहे.

दीपाली